घार तांबीपार

"बाई, तुमचं विमान दोरी ओढंल काय?"

मुजावर साहेब दारात उभे राहून विचारत होते. छत्री मिटायचंही भान नव्हतं त्यांना. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, चष्म्यावर पाण्याचे थेंब. अक्का स्टोव्हवर चहाचं आधण ठेवत होती, ती तशीच वळली. मी वेणी घालता घालता थांबले.

"आत या साहेब. कसली दोरी?"

साहेब आत आले, पण बसले नाहीत. ते आमच्या तालुक्याच्या बांधकाम कचेरीत शाखा अभियंता होते आणि अक्का त्याच कचेरीत ट्रेसर. पुलांचे, रस्त्यांचे, शाळाखोल्यांचे नकाशे ट्रेसिंग कागदावर शाईनं उतरवायचं तिचं काम. तिचं नाव रत्नप्रभा मोरबाळे. मी तिची धाकटी बहीण छाया, बालवाडीत शिकवायचे. आई-वडील गेल्यापासून आम्ही दोघीच एका घरात राहत होतो.

"तांबी नदीवरचा साकव वाहून गेला ते तुम्हाला ठाऊकच आहे," साहेब म्हणाले. "सडेवाडी पलीकडं अडकली. पण आता त्याहून वाईट झालंय. वाडीत जुलाब-उलट्यांची साथ आलीय. वायदंडे सिस्टर आधीच तपासणीला तिकडं गेल्या होत्या, त्या तिथंच राहिल्या. त्यांच्याजवळच्या सलाइनच्या बाटल्या संपल्यात. काल त्यांनी पांढऱ्या चादरीवर कोळशानं लिहून ती काठावर धरली. सलाइन संपली, नऊ जण आजारी, एवढंच."

"मग?"

"आज सकाळी तीच चादर होती. नऊ खोडून आठ केलं होतं."

"एक जण बरा झाला असेल," मी म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग मलाच कळलं.

अक्कानं स्टोव्ह बंद केला. साहेब घाईघाईनं पुढचं सांगू लागले. डॉक्टर सलाइनची खोकी घेऊन अलीकडच्या काठावर बसून होते. खाली तांबी लाल होऊन उसळत होती. एका पट्टीच्या पोहणाऱ्यानं कमरेला दोर बांधून उडी मारली होती, त्याला अर्धमेला करून परत ओढून काढावा लागला. गोफणीनं दगडाला दोरी बांधून फेकून बघितली, ती निम्म्यातच पाण्यात पडली. कोल्हापूरहून माणसं निघाली होती, पण वाटेत घाटात दरड कोसळलेली. ती हलवायला दोन दिवस तरी लागणार होते.

"एक बारीक दोरी पलीकडं गेली की पुढचं मी बघतो," साहेब म्हणाले. "तिला जाड दोर बांधायचा, कप्पी लावायची, टोपली सोडायची. फक्त ती पहिली दोरी कशी न्यायची तेवढंच सुचत नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर एकदम तुमचं विमान आठवलं."

कचेरीत अक्काच्या विमानांची भरपूर चेष्टा चालायची. साहेब त्यात कधी नसायचे, हे इथं सांगायला हवं.

विमानांचं वेड अक्काला लागलं ते कोल्हापूरच्या एका प्रदर्शनात. रेडिओवर चालणारं, हातभर लांबीचं एक विमान तिथं मांडलं होतं. ती त्याच्यासमोर दुपारभर उभी राहिली होती. मग ज्याचं होतं त्या गृहस्थांकडून नकाशा मागून घेतला आणि तिथंच, टेबलाच्या कोपऱ्यावर, ट्रेसिंग कागद पसरून उतरवून घेतला. घरी आल्यावर बाल्साच्या, म्हणजे कापसासारख्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या मागवल्या. ब्लेडनं एकेक फासळी कापून, गोंदानं जोडून सांगाडा केला. त्यावर रंगीत प्लॅस्टिकचा पातळ कागद आमच्या साडीच्या इस्त्रीनं ताणून बसवला. इंजिन आणि रेडिओ पुण्याच्या एका हौशी माणसाकडून जुने मिळाले. पहिल्या विमानाचं नाव तिनं चिमणी ठेवलं.

उडवायला मात्र तिला जमलं नाही. विमान आपल्यापासून दूर जाताना डावं ते डावंच असतं, पण ते आपल्याकडं तोंड करून आलं की डाव्याचं उजवं होतं. त्या क्षणी अक्काचे हात गोठायचे. म्हणून रेडिओ माझ्या हातात आला. मला ते का जमलं कुणास ठाऊक. सायकल जमते तसं जमलं.

तेव्हापासून ती बांधायची आणि मी मोडायचे. चिमणी मी शेताच्या बांधावर आपटली, पाच-सहा वेळा तरी. त्यानंतरच्या विमानाचं नाव होला, तो मी विजेच्या तारेत घातला. दर वेळी अक्का तुकडे चादरीत गोळा करायची, घरी नेऊन टेबलावर जसेच्या तसे मांडायची आणि जोडायला बसायची. मला कधी रागावली नाही. पण कधी शाबासकीही दिली नाही. विमान कितीही सुरेख उतरवलं तरी एवढंच म्हणायची, "उजवा पंख खाली होता." किंवा, "वेग जास्त होता." मला वाटायचं, हिच्या मनात माझ्या मोडतोडीचा हिशेब साठत चाललाय.

आणि आता होला तर मोडून पडला होता. धड होती ती फक्त घार.

घार तिनं पुण्याच्या हिवाळी स्पर्धेसाठी बांधली होती. पंख माझ्या पसरलेल्या दोन्ही हातांहून लांब, रंग तांबूस तपकिरी, पोटाखाली पांढरा. इतकी देखणी वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती. ती अजून एकदाही हवेत गेली नव्हती. पाऊस संपेपर्यंत हात लावायचा नाही, असं अक्कानं मला बजावलं होतं.

"अक्का," मी म्हणाले, "घार?"

तिनं साहेबांना विचारलं, "काठापासून काठापर्यंत किती?"

"शंभर मीटरच्या वर. सव्वाशे धरा."

"पलीकडं उतरायला जागा?"

"काठावर एक जांभळीचं झाड आहे. त्याच्या मागं भाताचं एक खाचर. त्याच्या मागं लगेच डोंगर."

"दोरी वरूनच सोडून विमान परत नाही का आणता येणार?" मी विचारलं.

"रेडिओवर चार कामं होतात, चारही लागलेली आहेत," अक्का म्हणाली. "दोरी सोडायला पाचवं कुठून आणू? आणि नुसती सोडली तर वारा तिला नदीत टाकेल. घारीच्या वजनानंच ती तिथं खाली बसायला पाहिजे." मग साहेबांकडं वळून ती रोजच्या आवाजात म्हणाली, "म्हणजे तिला परत आणायचं नाही. तंगूस मिळेल? मासे धरायचा, बारीक."

"भोयांकडून आणवतो."

"एका रिळाचा सलग पाहिजे. मधे गाठ नको." तिनं माझ्याकडं बघितलं. "छाये, बॅटरी चार्जिंगला लाव. आणि पोटभर खाऊन घे. उपाशीपोटी तुझे हात थरथरतात."

*

आम्ही जीपनं काठावर पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. अलीकडच्या काठाला लागून शाळेचं पटांगण होतं, सगळं चिखलाचं. अख्खं गाव तिथं लोटलं होतं. दरीच्या कडेला गेलं की नदीचा आवाज असा यायचा, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागायचं. पलीकडं जांभळीखाली पाच-सहा माणसं उभी दिसत होती. एक पांढरी साडी. त्या वायदंडे सिस्टर.

अक्का कुणाशी बोलली नाही. तिनं घारीच्या पोटाखाली, बरोबर मध्यावर, लोखंडी तारेचा एक आकडा घरूनच बसवून आणला होता. "शेपटाला बांधली तर दोरी तिला मागं ओढून उभी करेल," ती साहेबांना म्हणाली. मग जमिनीवर ताडपत्री अंथरून तिनं त्यावर तंगूस नागमोडी मांडायला सुरुवात केली. एक ओळ जायची, एक यायची, एकीवर दुसरी पडू द्यायची नाही. लोक वाकून वाकून बघत होते. मला मात्र पश्चिमेकडं बघवत नव्हतं. तिकडून काळं आभाळ चढत होतं.

इंजिनाचा पंखा तिनं बोटानं झटकून फिरवला. दुसऱ्या फटक्याला ते पेटलं आणि एरंडेल जळाल्याचा तो ओळखीचा वास सुटला. अक्कानं घार डोक्यावर धरली.

"तयार?"

मी मान हलवली.

ती चार पावलं पळाली आणि तिनं घार वाऱ्यात सोडली. पहिल्या क्षणालाच मला कळलं, हे विमान वेगळंच आहे. होला नांगराच्या बैलासारखा चालायचा. ही बोट हलवायच्या आधीच वळत होती. घार दरीवर गेली, मागून तंगूस सळसळत सुटू लागला, आणि लोक ओरडायला लागले.

तेवढ्यात तिला हिसका बसला. नाक आभाळाकडं गेलं, डावा पंख खाली आला आणि ती जागच्या जागी लटकल्यासारखी झाली. मागं गर्दीतल्या कुणीतरी ताडपत्रीवर पाय दिला होता, तंगूस त्याच्या घोट्याला गुंडाळला होता. मी नाक खाली दाबलं. तंगूस तटकन तुटला. घार नदीच्या दिशेनं कोसळली, मी रेडिओवरची काडी ओढत राहिले, ओढत राहिले, आणि पाण्याच्या थोडं वर ती सरळ झाली. वळवून तिला पटांगणात आणली. चाकं चिखलात रुतली, शेपूट उचललं गेलं आणि काड्‌कन आवाज आला.

मी धावत गेले. पंखाच्या मागं, धडाला आरपार चीर गेली होती. शेपटीकडचा भाग हातानं धरला तर लोंबत होता.

"अक्का, मी..."

"बाजूला हो," ती म्हणाली. "मला बघू दे."

तिनं गुडघे चिखलात टेकले आणि चिरेवरून बोट फिरवलं. "आतल्या तारा शाबूत आहेत. लाकूडच मोडलंय." मग मान वर करून डॉक्टरांना म्हणाली, "बँडेजची गुंडाळी द्या. आणि कुणाकडं बांबूची पाटी असेल तर ती द्या."

एका बाईनं डोक्यावरची पाटी काढून दिली. साहेबांनी कोयत्यानं तिचे काप काढले. अक्कानं ब्लेडनं तासून चार कांबी केल्या, चिरेच्या चारी बाजूंना लावल्या, झटकन चिकटणारा गोंद सोडला आणि वरून बँडेज ओलं करून गच्च आवळलं. मोडलेल्या हाताला बांधतात तसं. डॉक्टर तिच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते. पावसाचे दोन-चार थेंब पडले आणि थांबले.

मी तिच्याशेजारी बसून म्हणाले, "अक्का, आता ती जड झालीय. मागून जड. मला सांभाळता नाही आली तर?"

"पुढं बॅटरी अर्धा इंच सरकवते. तोल बसेल."

"तसं नाही. मी सगळीच मोडते गं. तुला माहीत आहे. दुसरं कुणीतरी..."

"दुसरं कोण?" तिनं हातातलं काम न थांबवता विचारलं. तेवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता, धीर द्यायचा प्रयत्नही नव्हता. दुसरं कोण, हा तिला खरोखरच पडलेला प्रश्न होता.

मुजावर साहेबांनी आता गर्दी हातात घेतली. "खाली बसा! सगळे खाली बसा! जो उभा राहील त्याला मी नदीत ढकलीन!" ते ओरडले. एवढ्या मवाळ माणसाचा तो आवाज ऐकून म्हातारी माणसंसुद्धा चिखलात बसली. अक्कानं रिळावर उरलेला सलग तंगूस पुन्हा नव्यानं मांडला. काळं आभाळ आता डोंगराच्या माथ्यावर आलं होतं.

"ऐक," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "जांभळीच्या वरून ने. झाड ओलांडलं की लगेच खाली घे. तरंगत नेऊ नकोस. तरंगली तर ती डोंगरावर जाईल आणि तंगूस झाडात अडकेल."

"खाली घे म्हणजे कशी?"

"नाक खाली करून."

"ती मोडेल अक्का."

"हो," अक्का म्हणाली, आणि घार डोक्यावर उचलली.

या वेळी ती जास्त पळाली, अगदी कड्याच्या टोकापर्यंत. मला वाटलं जाते आता खाली. घार सुटली. वारा आता आडवा झाला होता आणि मागचं बँडेज वाऱ्यात फडफडत होतं, पण तोल बरोबर बसला होता. मी तिला वर चढवली नाही, नुसतं पुढं काढलं. दरीच्या मध्यावर तंगुसाचं ओझं जाणवायला लागलं. इंजिनाचा आवाज जड झाला, घार हळूहळू खाली बसायला लागली. जांभळीचा शेंडा आता तिच्याहून उंच दिसत होता.

नाक वर केलं तर वेग जाणार आणि ती पडणार. नाही केलं तर झाडात जाणार. मी काडीला केसभर ओढलं, सोडलं, पुन्हा केसभर ओढलं. होला तारेत जायच्या आधी मला हेच करायचं सुचलं नव्हतं. पायरी पायरीनं घार वर आली. माझ्या पाठीवर अक्काचा तळवा टेकलेला होता, तो मला तेव्हा जाणवला. कधी टेकवला होता ठाऊक नाही.

घारीचं पोट जांभळीच्या पानांना लागलं असावं, कारण काही पानं उडाली. मग ती पलीकडं होती. खाली भाताचं हिरवं खाचर, मागं डोंगर. इंजिन बंद केलं. आणि माझे हात तिथंच थांबले. समोर ती इतकी सुंदर तरंगत होती, पंख जराही न हलवता, खऱ्या घारीसारखी. इतकं देखणं उड्डाण मी आधी केलं नव्हतं. मला तिला खाली ढकलवेना.

"छाये," अक्का म्हणाली. "पाड तिला."

मी काडी पुढं लोटली.

घार नाकावर वळली आणि खाचराच्या बांधावर गेली. आवाज आमच्यापर्यंत आला नाही, नदीनं तो खाल्ला. एक पंख उडून खाचराच्या पाण्यात पडलेला दिसला. पांढरी साडी चिखलातून धावत निघाली, तिच्यामागं बाकीचे. क्षणभर काहीच झालं नाही. मग वायदंडे सिस्टरांनी एक हात वर केला. त्या हातात काही दिसत नव्हतं, तंगूस इतक्या लांबून कुठला दिसायला. पण आमच्या पायाशी ताडपत्रीवर उरलेलं टोक हललं. एकदा, दोनदा. पलीकडून कुणीतरी ओढत होतं.

मग जो गलका झाला त्यात मला काही ऐकू येईना. साहेब सुतळीचा गुंडा घेऊन पळत होते, डॉक्टर खोकी फोडत होते. मी रेडिओ गळ्यात तसाच घेऊन चिखलात बसले आणि रडायला लागले.

"अक्का, मोडली गं घार."

"मोडली नाही," ती म्हणाली. "पोचली."

*

तंगुसानं सुतळी नेली, सुतळीनं नायलॉनचा दोर. काळं आभाळ फुटून कोसळायला लागलं तोवर कप्पी बसली होती. पहिली टोपली भर पावसात हेलकावे खात गेली. साहेब दोराजवळून हलले नाहीत. चार दिवसांनी सिस्टरांनी चादर धुऊन पुन्हा काठावर धरली. त्यावर लिहिलं होतं, "आठच्या आठ बरे."

पाणी उतरल्यावर दगडांवरून वाट झाली आणि साहेबांनी आम्हाला निरोप पाठवला, की सडेवाडीची माणसं तुम्हाला बोलावताहेत. अक्का अशा ठिकाणी जायला कधी तयार नसायची. लग्नकार्यातसुद्धा ती जेवून लगेच निघायची, चार माणसांत बोलायचा प्रसंग आला की कोपरा धरायची. म्हणून ती नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं इस्त्रीची साडी काढली.

वाडी म्हणजे दहा-बारा घरं. सगळ्यांत वरच्या अंगणात आम्हाला बसवलं. गूळ-पाणी झालं, काळा चहा झाला. वायदंडे सिस्टरांनी एकेकाला हाक मारून पुढं बोलावलं. एक ओली बाळंतीण, तिच्या मांडीवर मूल. दोन भाऊ, दोघंही अजून हडकलेले. एक लहान मुलगी, तिला आमच्यासमोर लाज वाटत होती, सिस्टरांच्या पदरामागून बघत होती. "हिचे हातपाय गार पडले होते," सिस्टर म्हणाल्या. "पहिली बाटली हिला लावली."

अक्का त्या मुलीकडं बराच वेळ बघत राहिली.

ठकूबाई नावाची एक म्हातारी पाटावर बसली होती. तीही आठांतलीच. ती म्हणाली, "म्या काय बगितलं न्हाई बाई. घरात पडल्याली. समदी म्हनत्यात आभाळातनं घार आली दोरी घिऊन. कशी आली, सांगा की."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्का बोलायला लागली.

आधी हळू, नंतर आवाज चढत गेला. ती उठून उभी राहिली. हाताचा पंजा आडवा धरून तिनं घार केली आणि अंगणातल्या माणसांना ते सगळं उड्डाण सांगितलं. पहिल्यांदा हिसका बसला तेव्हा हिनं नाक खाली दाबलं, अक्का म्हणाली, दुसरं कुणी असतं तर घाबरून वर ओढलं असतं आणि विमान नदीत गेलं असतं. पाण्याला टेकायच्या आत कसं सरळ केलं ते सांगितलं. मोडकं विमान दुसऱ्यांदा नेताना दोरीचं ओझं वाढलं तेव्हा हिचा अंगठा कसा केसभर, केसभर हलत होता, ते स्वतःचा अंगठा हलवून दाखवलं. मला स्वतःला त्यातलं निम्मं आठवत नव्हतं. जांभळीवरून जाताना पानं उडाली ती अकरा नव्हे, बारा नव्हे, मूठभर होती, असं म्हणून ती हसली. हो, अक्का हसली. कचेरीत दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारी बाई, परक्या अंगणात उभी राहून, हात हवेत फिरवत, घाम पुसत बोलत होती, आणि माणसं आ वासून ऐकत होती. उजवा पंख खाली होता, असं ती एकदाही म्हणाली नाही.

"आणि मग हिनं पाडली," ती म्हणाली. "एवढं देखणं विमान. पाडायला काळीज लागतं. मला नसतं जमलं."

तिचा पंजा हळूच वळून अंगणातल्या मातीवर टेकला.

ती बाळंतीण डोळ्याला पदर लावत होती. मी मान खाली घातली होती, कारण मला वर बघवत नव्हतं.

या गोष्टीला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. नंतर अक्कानं आणखी पुष्कळ विमानं बांधली, मी पुष्कळ उडवली, त्यातली काही पुण्यालाही गेली. मुजावर साहेबांनी नवा पूल बांधला, त्याचा नकाशा अक्कानंच उतरवला. माझ्याबद्दल ती पुन्हा कधी एवढं बोलली नाही. मीही तिला कधी बोलायला लावलं नाही.

त्या दिवशी अंगणात ठकूबाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिनं अक्काकडं मान वळवली.

"असं व्हय," ती म्हणाली. "ह्या पोरीनं आनलं. आन् तुमी कोन बाई?"

"मी?" अक्कानं खांद्यावरचा पदर सारखा केला. तिचा चेहरा अजून घामानं चमकत होता. "मी छायाची बहीण."